एका मडक्याभोवती

मुंबईची थंडी ती किती! पारा १६ अंशांवर आला की पेपरात बातमी येते. पण आमचं मुलुंड डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळे जानेवारीत पहाटे गोधडी सोडवत नाही. याच दिवसांत पेणचा मामा दोन पिशव्या घेऊन येतो. एकीत वालाच्या शेंगा, दुसरीत भांबुर्डीचा पाला. मग सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत पोपटी लागते, म्हणजे मडक्यात शेंगा भरून जाळावर भाजायच्या.

रायगडात भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरतात त्याच सुमारास बांधावर भांबुर्डी माजलेली असते. दोन्ही एकाच शिवारातलं, एकाच हंगामातलं.

मडकं भरायचं काम मामा कुणाला देत नसे. यंदा मला दिलं. तळाला पाल्याचा जाड थर. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, अंडी. मधोमध केळीच्या पानात बांधलेलं, हिरवं वाटण चोळलेलं चिकन. वर पुन्हा शेंगा. पाण्याचा थेंब नाही.

"अगं, दाबून भर. उपडं केल्यावर एक शेंग पडता कामा नये."

तोंडाशी पाला ठासता ठासता अंगठे दुखून आले. पण सगळी पोपटी त्या बुचावर असते. शेंगा शिजतात त्या स्वतःच्या आणि पाल्याच्या वाफेवर. बूच सैल राहिलं की वाफ निघून जाते आणि शेंगा करपतात.

मडकं उपडं ठेवून भोवती गोवऱ्या, पेंढा, झावळ्या रचल्या. जाळ धरला तसे शेजारी खुर्च्या घेऊन खाली उतरले. अर्ध्या तासाने मामाने मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं, पाणी क्षणात उडालं.

"झाली!"

मडकं कागदावर रिकामं केलं. कडेला चिकटून किंचित करपलेल्या शेंगा आधी संपल्या. त्यांची गोडी निराळीच. स्वित्झर्लंडमध्ये थंडीत चीजच्या एका भांड्याभोवती बसून फोंड्यू खातात, ब्रेडचे तुकडे त्यात बुडवून. तिथेही तळाची खरपूस खपली सगळे वाटून घेतात म्हणे. मला त्यात नवल वाटत नाही.

कुकरमध्ये पोपटी करतात, ती मी खाल्ली आहे. त्या उकडलेल्या शेंगा. तुम्ही लावणार असाल तर मडक्यात लावा आणि भांबुर्डी मिळाल्याशिवाय लावू नका. शेंगा कोवळ्या आहेत तोवरच.