गुण व बल दर्शविणारीं इंग्रजी विशेषणें

विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासतांना एक गोष्ट वारंवार आमच्या दृष्टीस पडते. चांगलें तें सारें 'गुड', फार चांगलें तें 'व्हेरी गुड' आणि बळकट तें 'स्ट्राँग'. एवढ्या भांडवलावर आमच्या मुलांचा सर्व व्यवहार चालतो. पुढें कोणी तरी 'एक्सलंट' हा शब्द शिकतो, आणि त्या दिवसापासून आंबा, पाऊस, मित्र व आगगाडी हीं सर्व 'एक्सलंट' होऊन बसतात. ही उणीव शब्दांच्या टंचाईची नव्हे, निवडीची आहे. म्हणून या विषयाचा थोडासा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्या मायबोलीकडे पाहूं. मराठी मुलाला कोणीं शिकविलेलें नसतें, तरी तो दोर मजबूत, भिंत भक्कम, लाकूड टणक, वेल चिवट, चहा कडक, विष जालीम व मनुष्य कणखर असेंच म्हणतो. 'भक्कम चहा' किंवा 'जालीम भिंत' असें कोणी म्हटलें तर वर्गांत हशा पिकेल. बळाच्या तऱ्हा अनेक आहेत, आणि भाषेनें प्रत्येक तऱ्हेला निराळा शब्द दिला आहे. इंग्रजीचेंही असेंच आहे. चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. वारा 'स्ट्राँग' म्हणावा, पण आपल्याकडील आषाढांतल्या पावसाला मात्र 'हेवी' म्हणावें लागतें.

हा भेद समजून घेण्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आपला शिळफाटा बोरघाटाच्या पायथ्याशीं आहे. या घाटांतून १८६३ सालीं रेल्वे सुरू झाली. तेथील चढ असा कीं, कांहीं ठिकाणीं ३७ फूट पुढें जावें तों १ फूट वर चढावें लागतें. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांना कर्जत स्थानकावर मागून जादा इंजिनें जोडतात. आतां विशेषणें लावून पाहा. ओझें ढकलणारें इंजिन 'पॉवरफुल', कारण त्याच्या अंगीं काम करण्याची शक्ति आहे. दोन डबे जोडणारी सांखळी 'स्ट्राँग', कारण ती ताण सोसते. पुलाचें दगडी बांधकाम 'सॉलिड', कारण तें आंतून भरीव आहे; आणि वर्षानुवर्षें टिकलें म्हणून 'ड्युरेबल'. गाडी हांकणारा मनुष्य 'स्टेडी' हवा, म्हणजे त्याचा हात व चित्त डळमळतां कामा नये. आणि ज्या हजारों मजुरांनीं हा घाट खोदला, ज्यांपैकीं कित्येकांचे प्राण तेथेंच गेले, ते 'हार्डी', म्हणजे ऊन, पाऊस व हाल सोसणारे काटक लोक होत. एका घाटांत बळाचे इतके प्रकार आहेत. सर्वांना 'स्ट्राँग' म्हटल्यानें वाक्य चुकत नाहीं, पण चित्र पुसट होतें.

श्रेष्ठता दाखविणाऱ्या शब्दांचा मूळ अर्थ ध्यानांत ठेवला तर त्यांचा उपयोग सोपा होतो. 'एक्सलंट' हा शब्द लॅटिन भाषेंतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'इतरांच्या वर उठणारा' असा आहे. 'सुपीरियर' म्हणजे मुळांतच 'अधिक वरचा'. म्हणून त्याच्यामागें 'मोअर' लावूं नये, आणि त्याच्यापुढें 'दॅन' न येतां 'टु' येतें. आपल्या 'उत्तम' शब्दांतही 'सर्वांत वरचा' हाच भाव आहे. 'रोबस्ट' हा शब्द ओक वृक्षाच्या लॅटिन नांवावरून निघाला. धट्टाकट्ट्या, निरोगी देहाला तो शोभतो. 'सुपर्ब' या शब्दाचा मूळ अर्थ 'गर्विष्ठ' असा होता. पुढें तो 'भव्य' व 'अप्रतिम' या अर्थीं रूढ झाला. 'स्टर्लिंग' हें विशेषण शुद्ध चांदीशीं निगडित आहे. त्या चांदींत १००० भागांत ९२५ भाग चांदी असावी लागते. म्हणून कसोटीस उतरलेल्या गुणालाच हा शब्द द्यावा.

कोश पाहण्याची संवय येथें उपयोगी पडते. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. इंग्रजी-मराठी कोश कँडी साहेबांनीं पुरा करून १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. अशा कोशांत एका शब्दापुढें अनेक प्रतिशब्द असतात. आळशी विद्यार्थी पहिला उचलतो. विचारी विद्यार्थी शेवटपर्यंत वाचतो.

परंतु हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा आहे असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या दोन विद्यार्थ्यांनीं एकाच कारखान्यांत नोकरीसाठीं अर्ज केला. दोघांनाही आम्हीं शिफारसपत्र दिलें, आणि दोन्हीं पत्रांत तेंच लिहिलें : वर्तणूक 'एक्सलंट', अभ्यास 'एक्सलंट', स्वभाव 'एक्सलंट'. त्यांपैकीं एक मुलगा विशेष हुशार नव्हता. परंतु हातीं घेतलेलें काम तो कधीं अर्धवट टाकीत नसे, आणि त्याच्यापाशीं पैसे ठेवले तर ते मोजून घेण्याची गरज पडत नसे. जागा एकच होती, व ती दुसऱ्यास मिळाली. पुढें त्या गृहस्थांची गांठ पडली तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, तुमचीं सगळींच मुलें एक्सलंट. मग मीं त्यांतून निवडावें कसें?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या मुलासाठीं 'रिलायेबल' हा एक साधा शब्द आम्हीं लिहिला असता, तर त्याचा खरा गुण त्या गृहस्थांच्या ध्यानीं आला असता. आम्हीं त्याची स्तुति केली, पण त्याची ओळख करून दिली नाहीं.

तेव्हांपासून विशेषण लिहिण्यापूर्वीं आम्ही स्वतःस तीन प्रश्न विचारतों : हा गुण कोणत्या कामांत दिसला? कोणाच्या तुलनेनें? आणि हाच शब्द शेजारच्या दहा जणांना लावतां येईल काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें आलें तर आम्ही तो शब्द खोडून दुसरा शोधतों. आमच्या विद्यार्थ्यांनींही तसेंच करावें. आपल्या एखाद्या मित्राविषयीं इंग्रजींत पांच ओळी लिहाव्या, त्यांत 'गुड' व 'एक्सलंट' हे शब्द मुळींच घालूं नयेत, आणि नांव न सांगतां वर्गांत वाचून दाखवाव्या. ऐकणाऱ्यांनीं त्या मित्राला ओळखलें, तर विशेषणें बरोबर निवडलीं असें समजावें.