समजून घ्या : ‘सर्व्हर डाऊन’ कशामुळे? गर्दी, हल्ला आणि उघडी राहिलेली फट

अकरावीचे प्रवेश २०२५ मध्ये पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन झाले. २१ मे रोजी, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी २६ मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. डोळखांबहून शहापूरला किंवा टोकावड्याहून मुरबाडला येऊन सायबर कॅफेत फॉर्म भरणाऱ्यांसाठी ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे गाडीभाडे आणि दिवसाची मजुरी, दोन्ही वाया.

तेव्हा कारण तांत्रिक अडचणीचे दिले गेले. पण सर्व्हर मुद्दामही बंद पाडता येतो.

‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणजे काय?
आसनगाव स्थानकाची तिकीट खिडकी डोळ्यांसमोर आणा. खरे प्रवासी एकदम आले तर ती गर्दी. तिकीट नको असलेल्यांनी रांग अडवली तर तो हल्ला. तो असंख्य संगणकांवरून झाला की त्याला ‘डीडॉस’ म्हणतात. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील इंटरनेट पुरवठादारांवर असा हल्ला झाला होता.

फट कोणती?
कधी रांगही लागत नाही. एखादा खिडकीशी उभा राहून दर मिनिटाला एकच शब्द बोलला तर मागचे खोळंबतात. २००९ मधील ‘स्लोलोरिस’ असेच करते. ते एका संगणकावरून शेकडो जोडण्या उघडते आणि अर्धवट ठेवते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘रॅपिड रिसेट’ ही त्रुटी जाहीर झाली. यात मागणी पाठवून लगेच रद्द करायची, सर्व्हर मात्र कामाला लागलेला असतो. गुगलने अशा हल्ल्यात सेकंदाला ३९.८ कोटी मागण्या नोंदवल्या.

बचाव कसा?
• सर्व्हरचे सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट करणे.
• अर्धवट जोडणी ठरावीक सेकंदांत तोडणे.
• न बदलणारी पाने, सूचना वेगळ्या सर्व्हरवरून दाखवणे.
• एका आयपी पत्त्यावरून येणाऱ्या मागण्यांना मर्यादा घालणे.

शेवटचा उपाय जपून करावा लागतो. मुरबाडच्या एका कॅफेतून दिवसाला अनेक फॉर्म एकाच पत्त्यावरून जातात. मोबाइल नेटवर्कवरही अनेक ग्राहकांचा बाहेरचा पत्ता एकच असू शकतो. मर्यादा फार कडक ठेवली तर हल्लेखोराऐवजी विद्यार्थीच अडतो. म्हणून मर्यादा पत्त्याबरोबरच लॉगिननुसारही हवी आणि नोंदणी सुरू होण्याआधी भाराची चाचणी हवी.

कायदा काय सांगतो?
जाणूनबुजून सेवा बंद पाडल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२२ च्या निर्देशांनुसार अशा हल्ल्याची माहिती संस्थेने ६ तासांत ‘सर्ट-इन’ला द्यायची असते.

तुम्ही काय कराल?
पान सारखे रिफ्रेश करू नका, त्याने भार वाढतो. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘पर्यायी लिंक’वर माहिती भरू नका. शक्य असेल तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता फॉर्म भरा.