कर्करोगाचा प्रसार रोखणारी प्रथिने : आशा आणि दक्षता

कर्करोगाने होणारे बहुतांश मृत्यू मूळ गाठीमुळे नव्हे, तर रोग यकृत, फुप्फुसे, हाडे अशा अवयवांत पसरल्यामुळे होतात. हा प्रसार आवरणारी काही प्रथिने शरीरातच असतात. ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशींना परस्परांशी बांधून ठेवते. ते घटले की पेशी सुटून रक्तावाटे वा लसिकेवाटे दूर जाऊ शकतात. १९८८ साली अमेरिकेत एनएम-२३ या जनुकाचा शोध लागला. उंदरांच्या त्वचाकर्करोगातील कमी पसरणाऱ्या पेशींत ते अधिक सक्रिय आढळले. अशा जनुकांपासून बनणारी प्रथिने मूळ गाठीची वाढ न थांबवताही तिचा प्रसार रोखू शकतात.

घटलेली ही प्रथिने औषधांद्वारे पुन्हा वाढवण्याविषयी संशोधन चालू आहे; नित्य उपचारांत मात्र ती अद्याप आलेली नाहीत. प्रथिनांची भुकटी त्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण खाल्लेली प्रथिने पचनात विघटित होतात. रुग्णास पौष्टिक आहार आवश्यकच आहे. परंतु त्याच्या भरवशावर शस्त्रक्रिया, किरणोपचार वा औषधोपचार लांबवू नयेत.

प्रसारापूर्वी झालेले निदान हाच आज हाती असलेला खात्रीचा मार्ग होय. पापनाशम् व कुंभकोणम् परिसरातील मराठी भाषिक कुटुंबांतील तीस वर्षांवरील व्यक्तींनी शासकीय रुग्णालयात मुखाची, तसेच स्त्रियांनी स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. तोंडातील न भरणारी जखम, स्तनातील गाठ किंवा अनियमित रक्तस्राव आढळल्यास विलंब न करता डॉक्टरांना भेटावे. तंबाखू पूर्णपणे वर्ज्य करावी.