कोलोनला नवे फादर आलेत

साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत दरवर्षी पाचशेच्या आसपास तरुण कॅथलिक धर्मगुरुपदाची दीक्षा घेत. आज देशभरातल्या सत्तावीस धर्मप्रांतांत मिळून हा आकडा पन्नासच्याही आत आला आहे. चर्चच्या इमारती डागडुजी केलेल्या आहेत, ऑर्गन सुरात लावलेला आहे, घंटा मिनिटाचाही फरक न पडता वाजतात. वेदीपाशी उभे राहायला माणूस नाही. ती जागा भरून काढायला परदेशातून धर्मगुरू येतात आणि त्यांत सर्वांत जास्त भारतीय आहेत. बरेचसे केरळचे. पण त्यांतले कित्येक पुण्यात नगर रोडच्या पेपल सेमिनरीत राहून ज्ञानदीप विद्यापीठात शिकलेले असतात, आणि अधूनमधून एखादा आमच्या वसईकडचाही असतो.

महाराष्ट्राला या प्रवासाची उलटी दिशा चांगली ठाऊक आहे. १८५०च्या दशकात जर्मन जेझुइट मुंबई-पुण्याला आले. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स शाळा १८६७ची आणि मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९चे, दोन्ही त्यांचीच उभारणी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रुदेशाचे नागरिक म्हणून नजरकैदेत ठेवले, मायदेशी पाठवले आणि त्यांच्या जागी स्पॅनिश जेझुइट आले. त्या जर्मन माणसांनी इथला उन्हाळा कसा काढला, मराठी कुणाकडून शिकली, पहिल्या वर्षी काय खाल्ले, याबद्दल आपण फारसे लिहून ठेवले नाही. म्हणून आता उलट दिशेने जाणाऱ्यांचे लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटते. ऱ्हाइन नदीकाठचे कोलोन त्यासाठी निवडले, कारण कॅथलिक जगात या शहराला मोठा मान आहे आणि तिथे नव्याने गेलेल्या आमच्याकडच्या एका फादरांचे पहिले दिवस मला जवळून पाहायला मिळाले.

स्टेशनातून बाहेर पडले की समोरच कोलोनचे कॅथेड्रल. पाया १२४८चा, काम पुरे झाले १८८०मध्ये, मनोरे १५७ मीटर उंच. पूर्वेकडच्या तीन ज्ञानी राजांचे अवशेष ११६४मध्ये मिलानहून इथे आणले गेले, ते सोन्याच्या पेटीत वेदीमागे आहेत. नवा मिशनरी विमानतळावरून थेट इथे येतो, गुडघे टेकतो, फोटो काढून घरी पाठवतो. पहिला दिवस असा भरून जातो.

दुसऱ्या दिवसापासून कागद सुरू होतात. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. घरमालकाने सही केलेला दाखला सोबत हवा. ही नोंद झाल्याशिवाय कराचा क्रमांक मिळत नाही आणि पुढची कामे एकमेकांत अडकून पडतात. मग परकीय नागरिकांचे कार्यालय, वास्तव्याचा परवाना, आरोग्य विमा, बँक. दर महिन्याला घरामागे १८ युरो ३६ सेंट रेडिओ-दूरदर्शनची वर्गणी द्यायची असते, घरात टीव्ही असो वा नसो. फादर हातात टोकन घेऊन बसतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना सीरियाहून, युक्रेनहून आलेली कुटुंबे. गावाकडे ज्याला पाहून लोक खुर्ची सोडतात, तो माणूस इथे फलकावर आपला नंबर कधी लागतो याकडे डोळे लावून बसलेला असतो.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. तिथे ‘रोमन कॅथलिक’ लिहिले की त्याचा थेट संबंध कराशी जोडला जातो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत प्राप्तिकराच्या ८ टक्के, बाकी सर्वत्र ९ टक्के इतका चर्चकर सरकार वसूल करते आणि चर्चच्या हवाली करते. फादरांचा पगार, सिस्टर चालवतात तो वृद्धाश्रम, बालवाड्या, आफ्रिका-आशियातली मदतकार्ये यांना बळ मिळते ते इथून. ज्याला हा कर नको, त्याने चर्च सोडत असल्याचे अधिकृतपणे नोंदवायचे. कोलोन ज्या राज्यात आहे तिथे हे काम न्यायालयात होते, शुल्क ३० युरो. २०२१मध्ये कोलोन महाधर्मप्रांतातल्या लैंगिक अत्याचारांविषयीचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा चर्च सोडण्यासाठी वेळ मिळेना इतकी मागणी वाढली. २०२२ या एका वर्षात जर्मनीभर ५ लाख २२ हजारांहून जास्त कॅथलिकांनी चर्च सोडले.

नवा मिशनरी नेमका या काळात येतो आणि हा राग त्याने ओढवलेला नसतो. तरी ट्राममध्ये त्याच्या गळ्यातली पांढरी पट्टी पाहून कुणी तोंड फिरवते. हे त्याला कुणी आधी सांगितलेले नसते, आणि सांगायला हवे असे मला ठामपणे वाटते. थंडीसाठी कोट घेऊन जा, असे सगळे सांगतात. लोक दुखावलेले आहेत, त्यांचे दुखणे खरे आहे, त्यांच्यापुढे बचाव मांडू नकोस, हे सांगणारे थोडे.

रोजचे जगणे शिकायला त्या मानाने कमी दिवस लागतात. रविवारी दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेचेच संरक्षण आहे. पहिल्या शनिवारी भाजी-दूध भरायचे राहून गेले की स्टेशनातल्या दुकानापर्यंत पायपीट करावी लागते. कचरा वेगवेगळ्या डब्यांत: कागद निळ्यात, प्लास्टिक आणि पत्रा पिवळ्यात, भाजीची साले तपकिरी डब्यात, काच रस्त्याकडेच्या कुंडीत, तीही रंगाप्रमाणे आणि रविवारी नाही, कारण काच फुटल्याचा आवाज शेजाऱ्यांना होतो. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, ती यंत्रात परत टाकायची. रात्रीचे जेवण म्हणजे पाव, चीज, थंड मांसाचे काप. गरम आमटीभाताची सवय असलेल्या पोटाला ते जेवण वाटतच नाही. डिसेंबरात सूर्य साडेआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो. सकाळची मिस्सा अंधारात, संध्याकाळची प्रार्थनाही अंधारात. आमच्या फादरांच्या आईने दिलेली सुकेळी त्यांनी एकेक करून फेब्रुवारीपर्यंत पुरवली.

खरी कसोटी भाषेची. धर्मप्रांत साधारणपणे बी-टू किंवा सी-वन पातळीपर्यंत जर्मन शिकवून घेतो, म्हणजे पहिले वर्ष-दीड वर्ष शाळकरी मुलासारखे गृहपाठ करण्यात जाते. पंचेचाळिशीच्या, तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेल्या माणसाला बाजारात कांदे मागताना अडखळावे लागते. मराठी माणसाला इथे एक सोय आहे: आपल्या भाषेतही तिन्ही लिंगे आहेत, त्यामुळे जर्मनमधल्या तीन लिंगांना तो बिचकत नाही. घोळ होतो तो वाटणीत. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. आणि ‘मुलगी’ हा शब्दही नपुंसकलिंगी. क्रियापद वाक्याच्या शेवटी ढकलण्याची पद्धतही आपल्याला परकी नाही. पण वर्गात शिकलेली जर्मन घेऊन कोलोनच्या गल्लीत उतरले की म्हातारी माणसे क्योल्श बोलीत बोलतात, तिथे ‘ग’चा ‘य’ होतो आणि वर्षभराची मेहनत क्षणभर वाया गेल्यासारखी वाटते.

प्रवचनासाठी आमच्या फादरांना मदत केली ती धर्मग्रामातल्या एका निवृत्त शिक्षिकेने. दर गुरुवारी दुपारी ते लिहिलेली पाने घेऊन तिच्या स्वयंपाकघरात जायचे. ती लाल पेन्सिलने विभक्ती दुरुस्त करायची, मग त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. एकदा तिने आख्खा परिच्छेद खोडला. व्याकरण बरोबर होते, पण तिच्या मते हे वाक्य इथे कुणालाच खरे वाटणार नव्हते. भारतात लोक प्रवचनातली आज्ञार्थी वाक्ये मान डोलावून ऐकतात. इथे आज्ञार्थ आला की कान मिटतात. धर्म शिकवायला आलेल्या माणसाला श्रोते कसे ऐकतात हे श्रोत्यांनीच शिकवायचे असते. १५७९मध्ये गोव्याला उतरलेल्या इंग्रज थॉमस स्टीफन्सलाही मराठी-कोकणी कुणीतरी अशीच शिकवली असणार. त्याचे क्रिस्तपुराण आपण अभिमानाने वाचतो; त्याच्या त्या शिक्षकांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

कामाची रीतही नव्याने शिकावी लागते. आमच्याकडे धर्मग्रामात फादरांचा शब्द शेवटचा. कोलोनमध्ये पैशांचा हिशेब निवडून आलेल्या मंडळाकडे असतो आणि त्या बैठकीत फादरांना कारणे द्यावी लागतात. पगारी प्रापंचिक सहकारी असतात, त्यांत धर्मशास्त्राची पूर्ण पदवी घेतलेल्या स्त्रिया असतात. त्या मुलांना प्रथम कम्युनियनसाठी तयार करतात, रुग्णालयात फिरतात, प्रार्थना चालवतात. काही भारतीय फादरांना हे जड जाते आणि तिथल्या लोकांची त्याबद्दलची तक्रार मला रास्त वाटते. जे लवकर जुळवून घेतात त्यांचे काम हलके होते, कारण चार-पाच धर्मग्रामे एकत्र करून एका गटाकडे सोपवलेली असतात आणि एकट्याने ते झेपण्यासारखे नसते.

दफनविधीतून मात्र फादरांना हे शहर कळू लागले. आमच्याकडे माणूस गेला की घंटा वाजते, दुसऱ्या दिवशी सारा गाव मागे चालतो. इथे अंत्यविधीचे काम करणारी कंपनी फोन करते, आठवड्या-दोन आठवड्यांनंतरची वेळ ठरते, बऱ्याचदा दहन झालेले असते आणि कलश पुरायचा असतो. त्याआधी धर्मगुरू घरी जाऊन नातेवाइकांशी बोलतात. फादर पहिल्यांदा गेले तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या एका बाईंचा मुलगा आणि सून समोर होते. दोघांनी चर्च केव्हाच सोडलेले. फादरांनी प्रश्नांची यादी लिहून नेलेली होती. तिसऱ्या प्रश्नापाशी मुलगा उठला, कपाटातून पुठ्ठ्याचा डबा आणला आणि फोटो मांडू लागला. ३० मे १९४२च्या रात्री हजार विमानांनी कोलोनवर बॉम्ब टाकले तेव्हा त्याची आई शाळकरी मुलगी होती. युद्ध संपल्यावर विटा वेचून, चुना खरवडून रचून ठेवणाऱ्या बायकांत तिची आई होती. १९४६च्या वर्षअखेरीला, कडाक्याच्या थंडीत, कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल फ्रिंग्स यांनी प्रवचनात सांगितले होते की जगण्यासाठी अत्यावश्यक असलेली वस्तू दुसऱ्या मार्गाने मिळतच नसेल तर ती घेणे चालेल. त्यानंतर रेल्वेच्या वाघिणीतून तिनेही कोळसा उचलून आणला होता. यादी फादरांच्या खिशातच राहिली. दफनानंतरच्या कॉफीला ते थांबले, साखरेचा चुरा भुरभुरलेला केक खाल्ला आणि मुलाने त्यांना आपल्या बाजूची खुर्ची दिली.

याच फ्रिंग्स यांच्या पुढाकाराने १९५८मध्ये मिझेरेओर ही मदतसंस्था उभी राहिली आणि तिचा पैसा भारतातही पोचला. जे एकेकाळी उपाशी होते त्यांनी वर्गणी काढली होती, हे त्या दिवशी फादरांना नीट उमगले.

सिस्टरांची वाट थोडी वेगळी. साठच्या दशकापासून केरळच्या हजारो तरुणी परिचारिका म्हणून जर्मनीत गेल्या. काही धर्मभगिनी होत्या, बहुतेक प्रापंचिक. त्यांनी रुग्णालये आणि वृद्धाश्रम सांभाळले, संसार मांडले, कोलोनच्या आसपास भारतीय कॅथलिकांचा मोठा समाज उभा केला. आज नवी सिस्टर विमानतळावर उतरते तेव्हा तिला घ्यायला याच समाजातली कुणी आजी आलेली असते, पिशवीत भात आणि माशाची कढी घेऊन. फादरांच्या वाट्याला असे स्वागत क्वचित येते. सिस्टर समूहात राहतात. धर्मगुरू पाच खोल्यांच्या जुन्या घरात एकटाच. २४ डिसेंबरला दुपारी दुकाने बंद होतात, संध्याकाळची मिस्सा झाली की प्रत्येक कुटुंब आपापल्या घरात दार लावून बसते. नाताळच्या त्या रात्री हजारो घरांच्या शहरात कुणी बोलवत नाही. त्यात दुष्टावा नाही. ती रात्र फक्त घरच्यांची असा तिथला रिवाज आहे. हे ठाऊक नसलेला माणूस मात्र मोडून पडतो. वरिष्ठांनी या एका रात्रीची सोय आधीच करून ठेवावी, इतके मागणे फार नाही.

उघड द्वेषही कधी समोर येतो. म्युनिकजवळच्या झोर्नेडिंगमध्ये २०१६ साली काँगोत जन्मलेल्या धर्मगुरूंना जिवे मारण्याच्या धमक्यांमुळे धर्मग्राम सोडावे लागले. त्यांच्या पाठीशी हजारो लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले, तरी ते परतले नाहीत. आमचे फादर म्हणतात, त्या मेणबत्त्यांचीच आठवण ठेवतो.

कोलोनचे लोक वर्षभर वाट पाहतात ती कार्निव्हलची. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी मोसम सुरू होतो आणि उपवासकाळाच्या तोंडावर सारे शहर रस्त्यावर येते. त्याआधीच्या रविवारी मुले वाघ, चाचे, मधमाश्या होऊन मिस्सेला येतात आणि ऱ्हाइनकाठच्या अनेक चर्चमध्ये धर्मगुरू यमक जुळवून प्रवचन करतात. पहिल्या वर्षी फादर संकोचून साधेच बोलले. पुढे त्यांनीही यमके जुळवली, दोन ओळी क्योल्शमध्ये घातल्या आणि लोकांनी वेदीसमोर टाळ्या वाजवल्या. तीनच दिवसांनी राखेच्या बुधवारी त्यांनी त्याच माणसांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. त्या संध्याकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात हेरिंग मासे आणि उकडलेले बटाटे असे उपवासाचे जेवण होते. वसईच्या माणसाला मासळीबद्दल मत असतेच. हे खारवलेले हेरिंग आमच्या चिंचेच्या कोळात कसे लागेल ते बघू, असे त्यांनी मंडळापुढे मांडले, आणि पुढच्या वर्षीचा स्वयंपाक त्यांच्याकडे आला.