शनीची कडी पाहा घरच्या कॅमेऱ्यात!

साडेसातीची भीती घालून आजही गरिबाचा खिसा कापला जातो. त्या शनीचा फोटो आपल्याच मुलीने काढला तर? त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. आम्ही तर म्हणू, पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कामगारांच्या हाती यासाठी लागणारी कारागिरी आधीच आहे.

संगणकाचा जुना वेबकॅम घ्या. त्याचे पुढचे भिंग आटे फिरवून काढा. आत नखाएवढी चिप दिसेल. तिला बोट लावू नका. भिंगाच्या जागी सव्वा इंच, म्हणजे ३१.७ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची नळी बसवा. लेथवर ती सहज निघते. पूर्वी हौशी मंडळी फोटोच्या रिळाची रिकामी डबी वापरीत. दुर्बिणीत डोळा लावायचे भिंग काढून तिथे ही नळी सरकवा.

एका फोटोने भागत नाही. हवा हलते, तसा ग्रह थरथरतो. म्हणून मिनिटभर चित्रण करा. 'रजिस्टॅक्स' हा मोफत प्रोग्राम शेकडो चित्रांतली स्पष्ट चित्रे निवडून एकावर एक रचतो आणि कडी उठून दिसते. शहराच्या उजेडातही चंद्र, गुरू, शनी साधतात. अंधुक तेजोमेघ मात्र नाहीत.

दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवू नका, डोळा कायमचा जाईल.

दुर्बीण नसेल तर पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, चिंचवडला सायन्स पार्क आहे. मुलांना तिथे न्या, प्रश्न विचारू द्या. ज्याने कडी स्वतः टिपली, त्याला शनीचे भय कोण घालणार?