हातापायाच्या शिरा वर का दिसतात?



ऊसतोडीच्या फडात गेलो की दोन-चार जण हात पुढे करून विचारतात, "साहेब, या शिरा अशा फुगल्या, अशक्तपणा तर नाही ना?" बहुतेक वेळा तसे काही नसते. कामाने स्नायू फुगतात, ते शिरांना कातडीकडे ढकलतात. उन्हाने शिरा रुंदावतात. अंगावर चरबी कमी असली किंवा वय वाढून कातडी पातळ झाली, की त्या अधिकच उठून दिसतात.

निळ्या दिसतात म्हणून रक्त निळे नसते. सुईने काढलेले रक्त आपण पाहतोच, काळपट लाल असते. कातडीतून परत येणाऱ्या उजेडात शिरेच्या जागी लाल भाग कमी पडतो, म्हणून डोळ्याला निळसर वाटते, इतकेच.

खरी काळजी पायाची. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे, म्हणजे विहिरीतून पाणी उपसण्यासारखेच. पोटरीचा स्नायू हा पंप, आणि शिरेतल्या झडपा म्हणजे आपला फूटव्हॉल्व्ह. या झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात, हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली हाताच्या शिरेवर बोट दाबून दाखवले. फूटव्हॉल्व्ह गळका झाला की पाणी खाली उतरते ना? तसेच झडप बिघडली की रक्त खाली साचते, शिरा वेड्यावाकड्या, गाठीगाठीच्या होतात. एका जागी तासन् तास उभे राहणाऱ्यांना आणि गरोदर बायांना हा त्रास जास्त. चालण्याने पंप चालतो, नुसते उभे राहण्याने नाही. दुपारच्या विश्रांतीत पाय उशाशी नव्हे, उशीवर ठेवावेत!

आपल्या गोंदिया भागात एक घोटाळा होतो. पाय सुजला की "नस फुगली" म्हणून मालीश सुरू. पण आपला जिल्हा हत्तीरोगाचा आहे. ती सूज शिरांची नसून रसवाहिन्यांची, डासांमुळे येणारी. त्यासाठी रक्त रात्री तपासतात. मोहिमेत कर्मचारी गोळ्या देतील त्या त्यांच्यासमोरच घ्याव्यात. बांधावर फेकू नयेत. रोवणीच्या बायांनाही हे सांगावे.

एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा मालीश मुळीच नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घोट्याजवळची जखम भरत नसेल तरी दाखवा. आणि फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर माणसाला आडवे करा, पाय उंच धरा, स्वच्छ कापड घट्ट दाबून ठेवा आणि तसेच दवाखान्यात न्या.

— ऊस विकास अधिकारी