गुंडीपासून अलंकार : लखनौच्या हाडकामाचा धडा

वस्त्राच्या दोन कडा एकमेकींशी जोडणारी वस्तू, अशी गुंडीची व्याख्या आपण सहजपणे करतो. परंतु गुंडीचा इतिहास पाहू लागलो, तर ही व्याख्या अपुरी ठरते. मोहेंजोदडो येथील उत्खननात इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकातील शिंपल्याच्या गुंड्या सापडल्या आहेत. दोरा ओवण्यासाठी त्यांना छिद्रे पाडलेली आहेत; मात्र त्या वस्त्र बंद करण्यापेक्षा शोभेसाठी असाव्यात, असे सामान्यतः मानले जाते. आपल्याकडेही रेशमी सदऱ्यावर साखळीने जोडलेल्या सोन्याच्या गुंड्या दिसत, त्या केवळ सदरा बंद ठेवण्यासाठी नसत. गुंडीपासून दागिना करणे ही आजची टूम नव्हे. गुंडी आपल्या मूळ घरी परत जाते, इतकेच.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी लखनौसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल. १७७५ मध्ये नवाब आसफ-उद्-दौला याने अवधची राजधानी फैजाबादहून येथे आणली आणि १८५६ मध्ये इंग्रजांनी हे राज्य खालसा केले. मधल्या काळात दरबाराच्या आश्रयाने चिकनकारी, जरदोजी आणि हस्तिदंतावरील कोरीव काम अशा अनेक कला येथे बहरल्या. अंगरख्याला बंद असत, तशीच कापडाची किंवा दोऱ्याची गाठवलेली ‘घुंडी’ही असे. ती ज्या फासात अडकवायची, त्याला ‘तुकमा’ म्हणत. पुढे अचकन आणि शेरवानी आल्या आणि छातीवरील गुंड्यांची रांग हाच पोशाखाचा दागिना झाला.

या गुंड्यांपैकी हाडाच्या गुंडीची कथा विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. लखनौचे कोरक्ये पूर्वी हस्तिदंतावर काम करीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये झाला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दंताच्या व्यापारावर बंदी आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने बाहेरून आणलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. हत्तीच्या रक्षणासाठी हे आवश्यकच होते. परंतु ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हीच विद्या चालत आली होती, त्यांच्यासमोर पोटाचा प्रश्न उभा राहिला. म्हशीच्या हाडाने त्यांची विद्या तगवली.

हाड हस्तिदंताची जागा घेते, पण त्याची बरोबरी करीत नाही. हस्तिदंत बराचसा भरीव असतो. त्यातून एकसंध मूर्ती कोरता येते. म्हशीच्या पायाचे लांब हाड मात्र पोकळ असते आणि उपयोगात येते ती त्याची जाड भिंत. तिच्यातून निघणारी पट्टी अरुंद आणि किंचित वक्र असते. मोठी वस्तू करायची तर अनेक तुकडे जोडावे लागतात. याउलट गुंडी, मणी, पदक, कर्णभूषण या वस्तू त्या पट्टीत नेमक्या बसतात. म्हणून हाडाची गुंडी ही मोठ्या कलेची उरलीसुरली चाकरी आहे असे समजणे चुकीचे होय. तिचा आकार हाडाच्या स्वभावातूनच आलेला आहे.

प्रथम हाडाची टोके कापून टाकतात. मग धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात ते उकळून त्यातील चरबी काढतात. ती राहिली तर पुढे पिवळे डाग पडतात आणि वास येतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवल्यावर हाड शुभ्र होते. त्यानंतर करवतीने पट्ट्या पाडणे, कानशीने आकार देणे, छिद्रे पाडणे, नक्षी कोरणे आणि घासून झिलई आणणे, असा क्रम असतो. नाण्याएवढ्या चकतीवर जाळी कोरताना शेवटच्या छिद्राशी हात चुकला, तर आधीचे सारे श्रम वाया जातात. या कामात हाडाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसांना अपायकारक असल्याने नाकातोंडावर आच्छादन असणे अगत्याचे आहे.

अशी गुंडी दागिन्यात वापरायची, तर प्रथम तिची पाठ पाहावी. मागे कडी असलेली गुंडी लोंबते. ती कर्णभूषणाला किंवा पदकाला योग्य. दोन किंवा चार छिद्रांची सपाट गुंडी अंगासरशी बसते. ती कंठ्याला आणि मनगटपट्टीला योग्य. माप पाहताना व्यापारातील ‘लाईन’ हे परिमाण उपयोगी पडते. ४० लाईन म्हणजे एक इंच, त्यामुळे २४ लाईनची गुंडी सुमारे १५ मिलिमीटर व्यासाची असते.

गुंड्या गाठवण्याची रीत आपल्या पटवेकऱ्यांकडून घ्यावी. दोन गुंड्यांच्या मध्ये रेशमी दोऱ्याची गाठ मारली, की कडा एकमेकींवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच गुंडी निसटते. दोन छिद्रांच्या गुंड्या माशाच्या खवल्यांप्रमाणे एकीवर एक अर्ध्या सरकवून ओवल्या, तर मनगटपट्टी सिद्ध होते. मोठ्या गुंडीवर लहान, तिच्यावर मणी, असा थर मध्यातून शिवला की फूल होते. मागे टाचणी लावल्यास तेच पदरावर खोवता येते. कंठ्याचा फासा करायचा, तर लखनौची घुंडी-तुकम्याची जुनी जोडी पुरेशी आहे. शेवटची गुंडीच फासात अडकते आणि धातूची कडी लागत नाही.

जरदोजीची गुंडीही अशीच कामी येते. अड्ड्यावर ताणलेल्या कापडावर दबका, सलमा आणि सितारे जडवतात, मग ते वर्तुळ कापून साच्यावर चढवतात. जीर्ण झालेल्या शेरवानीच्या अशा गुंड्यांचा जोड कानात शोभतो. तिला पाणी आणि अत्तर लागू देऊ नये, जर काळवंडते.

जुन्या गुंड्या हाताळताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शिंपल्याची गुंडी लिंबू किंवा शिरका लावून कधीही स्वच्छ करू नये. शिंपला चुनखडीच्या जातीचा असल्याने आम्लाने त्याची चकाकी नष्ट होते. ओलसर मऊ फडके पुरे. हाडाची गुंडीही पाण्यात भिजत ठेवू नये. दुसरे, घरातील जुनी पांढरी गुंडी हाडाची की हस्तिदंताची, हे भिंगाखाली पाहावे. हाडावर बारीक काळसर ठिपके आणि रेघोट्या दिसतात. त्या पूर्वीच्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या होत. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषांची जाळी दिसते. तशी ती आढळल्यास त्या गुंडीचा दागिना करून विकण्याचा विचारही करू नये. कायद्याने तो गुन्हा आहे.

वस्त्र फाटते, तेव्हा त्याबरोबर गुंडीही बहुधा टाकून दिली जाते. प्लास्टिकची गुंडी साच्यातून क्षणात निघते; हाडाच्या गुंडीमागे एका माणसाचे डोळे आणि बोटे झिजलेली असतात. तिला दागिन्यात स्थान दिले, तर ती फेकली जात नाही. नवी हाडाची गुंडी मागितली, तर कोरक्याला हे काम मुलांच्या हाती सोपवण्यास एक कारण मिळते. कला टिकते ती तिच्या वस्तू वापरात राहतात म्हणून.